कॅमेऱ्याच्या चित्राची वाट

सुरक्षा कॅमेरे बसवून घेणाऱ्या बहुतेक ग्राहकांच्या लेखी कॅमेरा हीच मुख्य वस्तू असते, आणि भिंतीवर किती कॅमेरे लागले व त्यांची चित्रे किती स्वच्छ दिसतात, एवढ्यावर व्यवहाराची बोलणी संपतात. प्रत्यक्षात या व्यवस्थेचा कणा म्हणजे कपाटावर किंवा दुकानाच्या गल्ल्याखाली धूळ खात पडलेली एक चपटी पेटी असते. कॅमेऱ्यांनी टिपलेले दृश्य तिच्यात साठते, तिच्यातूनच ते पडद्यावर येते, आणि मालक परगावी असताना मोबाईलवर जे चित्र पाहतो तेही तिनेच पाठवलेले असते. या पेटीला रेकॉर्डर म्हणतात. ती इंटरनेटला जोडून दूरवरून पाहण्याची सोय करणे हे काम आता एक तार खोचून एक चौकोनी कोड स्कॅन करण्याइतके सोपे झाले आहे, आणि त्या सोपेपणामुळेच घराच्या आतून बाहेर जाणारी एक नवी वाट या कामाने उघडली जाते, हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. ती वाट कशी जाते आणि तिच्या किल्ल्या कोणाकोणाकडे राहतात, हे माहीत असणे कॅमेऱ्याच्या मेगापिक्सेलपेक्षा जास्त महत्त्वाचे आहे.

रेकॉर्डर दोन जातींचे असतात. ज्या कॅमेऱ्यांचा संकेत टीव्हीच्या केबलसारख्या गोल, जाडसर कोॲक्सियल तारेतून येतो त्यांच्यासाठी डीव्हीआर, म्हणजे डिजिटल व्हिडिओ रेकॉर्डर, वापरतात. आलेल्या संकेताचे अंकीय माहितीत रूपांतर करण्याचे आणि ती माहिती दाबून लहान करण्याचे काम हा डीव्हीआर स्वतः करतो. दुसऱ्या जातीत कॅमेरा हाच एक छोटा संगणक असतो, तो चित्राची अंकीय माहिती जागच्या जागी तयार करून नेटवर्कच्या केबलने पाठवतो, आणि ती साठवणाऱ्या पेटीला एनव्हीआर, म्हणजे नेटवर्क व्हिडिओ रेकॉर्डर, असे नाव आहे. असा आयपी कॅमेरा स्वीडनच्या ॲक्सिस कंपनीने १९९६ मध्ये पहिल्यांदा विक्रीस आणला, तेव्हा तो सेकंदाला जेमतेम एक लहानसे चित्र पाठवू शकत असे. पुढे एकाच केबलमधून माहिती आणि वीज दोन्ही नेण्याची ‘पीओई’ ही पद्धत २००३ मध्ये प्रमाणित झाली, आणि एका कंपनीचा कॅमेरा दुसऱ्या कंपनीच्या रेकॉर्डरला जोडता यावा म्हणून ॲक्सिस, बॉश व सोनी या कंपन्यांनी २००८ मध्ये ‘ऑनव्हिफ’ हे व्यासपीठ उभे केले. दूरवरून पाहण्यापुरता मात्र दोन्ही जातींत फरक नाही, कारण दोहोंच्या पाठीला नेटवर्कची केबल खोचण्याची तीच एक खोबण असते.

वाटेचा विचार करण्याआधी तिच्यावरून जाणाऱ्या मालाचे वजन पाहणे भाग आहे. चलच्चित्र म्हणजे एकामागून एक येणाऱ्या स्थिर चित्रांची माळ. रिकाम्या जिन्याकडे रोखलेल्या कॅमेऱ्याच्या माळेत लागोपाठच्या चित्रांत जवळजवळ काहीच बदलत नाही, म्हणून मधूनमधून एक पूर्ण चित्र साठवायचे आणि मधल्या काळात केवळ झालेला बदल नोंदवायचा, या युक्तीने माहितीचा आकार कमी केला जातो. ही युक्ती नियमबद्ध करणारी दोन मानके आज वापरात आहेत: २००३ चे एच.२६४ आणि २०१३ चे एच.२६५, ज्यात तेवढ्याच स्पष्टतेला साधारणपणे निम्मी माहिती पुरते. दोन मेगापिक्सेलच्या एका कॅमेऱ्याला जुन्या मानकाने सेकंदाला चार मेगाबिट लागतात असे धरले, तर दिवसाच्या ८६,४०० सेकंदांत सुमारे ४३ गिगाबाइट माहिती तयार होते; चार कॅमेऱ्यांची मिळून ती १७३ गिगाबाइटच्या आसपास जाते, आणि एक टेराबाइटची हार्ड डिस्क सहा दिवसही पुरत नाही. सहाव्या दिवशीच रेकॉर्डर सर्वांत जुने चित्रण पुसून त्यावर नवे लिहू लागतो. नव्या मानकाने हीच मुदत साडेअकरा दिवसांपर्यंत जाते. तेव्हा चार कॅमेरे आणि एक टेराबाइट एवढ्या सामग्रीवर ‘महिनाभराचे रेकॉर्डिंग राहील’ असे कोणी सांगत असेल, तर तो स्पष्टता किंवा सेकंदागणिक चित्रांची संख्या बरीच खाली आणणार आहे, किंवा हालचाल होईल तेवढेच साठवण्याची सोय चालू करणार आहे, किंवा त्याने हिशेबच केलेला नाही. यांतले नेमके काय, हे ग्राहकाने विचारले पाहिजे.

साठवणीच्या हिशेबाने जे जड पडते ते इंटरनेटवरून पाठवताना आणखी जड पडते. म्हणून रेकॉर्डर प्रत्येक कॅमेऱ्याचे दोन प्रवाह तयार करतो: डिस्कवर लिहिण्यासाठी मोठा, ज्याला मेन स्ट्रीम म्हणतात, आणि दूर पाठवण्यासाठी कमी स्पष्टतेचा लहान, ज्याला सब स्ट्रीम म्हणतात. लहान प्रवाह सेकंदाला ५१२ किलोबिटवर ठेवला, तर मोबाईलवर तासभर एक कॅमेरा पाहण्यास सुमारे २३० मेगाबाइट डेटा खर्ची पडतो. तोच कॅमेरा मोठ्या प्रवाहात पाहिला तर १.८ गिगाबाइट. येथे लक्षात ठेवायची गोष्ट अशी की दूरच्या पाहणाऱ्याला चित्र मिळते ते घराच्या जोडणीच्या अपलोडच्या, म्हणजे घरातून बाहेर माहिती पाठवण्याच्या, वेगावर. डाउनलोडचा वेग कितीही मोठा असला आणि बाहेर जाणारा वेग तोकडा असला, तर अमेरिकेत बसलेल्या मुलाला साताऱ्यातल्या आईवडिलांच्या ओसरीचे चित्र अडखळतच दिसणार. चारही कॅमेरे एकदम उघडून ‘नेट स्लो आहे’ अशी तक्रार करणाऱ्यांनी ॲपमध्ये आधी कोणता प्रवाह निवडलेला आहे ते पाहावे.

आता वाटेकडे वळता येईल. इंटरनेटवरील प्रत्येक यंत्राला आयपी ॲड्रेस नावाचा एक आकडी पत्ता लागतो. आजही सर्वाधिक परिचित असलेल्या चौथ्या आवृत्तीत असे पत्ते एकूण सुमारे ४२९ कोटीच होऊ शकतात, आणि जगभर वाटण्यासाठी मध्यवर्ती संस्थेकडे असलेले त्यांचे मोकळे गठ्ठे फेब्रुवारी २०११ मध्येच संपले. हा तुटवडा आधीच दिसू लागल्याने काही पत्ते खासगी वापरासाठी राखून ठेवण्यात आले होते, १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते त्यांतले. ते कोणीही आपल्या घरात वापरावेत, पण घराबाहेर त्यांना काही अर्थ नाही. जुन्या वाड्याची रचना आठवली तर ही व्यवस्था लगेच उमगते. वाड्यातल्या बिऱ्हाडांना खोल्यांचे क्रमांक असत, परंतु ‘खोली क्रमांक सात’ एवढाच पत्ता घातलेले पत्र टपालखात्याला कोठेही पोचवता येत नसे. पत्र यायचे ते वाड्याच्या घरक्रमांकावर, आणि दिंडी दरवाजाशी बसणारा माणूस ते ज्याचे त्याला देई. घरातला राउटर हा असा दरवाज्यावरचा माणूस होय. आतून कोणी बाहेर निरोप पाठवला, तर तो पाठवणाऱ्याची नोंद ठेवतो आणि उत्तर आले की त्या नोंदीप्रमाणे आत पोचवतो; पत्त्यांच्या या अदलाबदलीला ‘नॅट’ म्हणतात. बाहेरून न बोलावता कोणी आला, तर त्याला कोणत्या खोलीत न्यायचे हे राउटरला ठाऊक नसते आणि तो त्याला परत पाठवतो. दूरवरून कॅमेरा पाहण्याची सारी अडचण या एका वाक्यात आहे, कारण परगावचा मोबाईल हा असा बाहेरून येणारा पाहुणाच असतो.

रेकॉर्डरची घरातली जोडणी त्यामुळे आधी पक्की व्हावी लागते. पेटीला पडदा व माउस जोडून पहिल्यांदा चालू केली की ती पासवर्ड ठरवायला सांगते, डिस्क सज्ज करण्याची परवानगी मागते, आणि मग नेटवर्कच्या पानावर चार आकडे दिसतात. पहिला रेकॉर्डरचा स्वतःचा पत्ता. दुसरा सबनेट मास्क, म्हणजे आपल्याच वाड्यातले पत्ते कोणते हे सांगणारा आकडा, जो घरगुती जोडणीत बहुधा २५५.२५५.२५५.० असतो. तिसरा गेटवे, म्हणजे दरवाज्याचा, अर्थात राउटरचा पत्ता; आणि चौथा डीएनएस, म्हणजे नावावरून पत्ता शोधून देणाऱ्या सेवेचा पत्ता. हे चारही आकडे राउटरकडून आपोआप घेण्याची ‘डीएचसीपी’ ही सोय असते. अशा आपोआप मिळालेल्या पत्त्याची खात्री नसते, म्हणून अनेक तंत्रज्ञ रेकॉर्डरला हाताने पक्का पत्ता देऊन टाकतात, आणि पुढच्या एका नेहमीच्या घोटाळ्याचे बीज येथेच पडते. काही महिन्यांनी ग्राहक इंटरनेटची कंपनी बदलतो, नवा राउटर येतो, जुन्याचा पत्ता १९२.१६८.१.१ असतो आणि नव्याचा १९२.१६८.२९.१, रेकॉर्डर मात्र जुन्याच दरवाज्यावर हाका मारत राहतो, आणि ॲपमध्ये ‘ऑफलाइन’ असा शब्द उमटतो. कॅमेरे चालू असतात, चित्रण साठत असते, फक्त वाट तुटलेली असते. पेटीच्या नेटवर्कच्या पानावर जाऊन डीएचसीपीची खूण केली, की पुष्कळदा दोन मिनिटांत काम होते. या दोन मिनिटांसाठी भेटीचे पैसे मोजणारे ग्राहक थोडे नाहीत. पत्ता पक्का हवाच असेल, तर तो रेकॉर्डरमध्ये न देता राउटरमध्येच त्या पेटीच्या नावे राखून ठेवणे अधिक शहाणपणाचे.

बाहेरच्या पाहुण्याला आत घेण्याचा सर्वांत जुना उपाय म्हणजे पोर्ट फॉरवर्डिंग. पोर्ट म्हणजे एकाच पत्त्यावरील वेगवेगळ्या सेवांना दिलेले खिडकीचे क्रमांक: रेकॉर्डरचे वेबपान बहुधा ८० क्रमांकाच्या खिडकीवर असते, थेट चित्रप्रवाहासाठी ५५४ हा क्रमांक प्रमाणित आहे, आणि प्रत्येक कंपनीच्या ॲपची आणखी एखादी स्वतःची खिडकी असते. अमुक खिडकीवर येणाऱ्या प्रत्येकाला विचारपूस न करता रेकॉर्डरकडे सोड, अशी आज्ञा राउटरला देऊन ठेवणे म्हणजे पोर्ट फॉरवर्डिंग. घराचा बाहेरचा पत्ताही इंटरनेट कंपनी वेळोवेळी बदलत असल्याने, बदलत्या पत्त्याला एक स्थिर नाव चिकटवून ठेवणारी ‘डीडीएनएस’ ही सेवा तिच्या जोडीला घ्यावी लागे. दहा-पंधरा वर्षांपूर्वी कॅमेरेवाल्यांचे निम्मे कौशल्य या दोन गोष्टींत होते.

भारतातल्या पुष्कळशा घरगुती जोडण्यांत आता हा उपाय मुळात चालतच नाही. पत्त्यांच्या टंचाईमुळे इंटरनेट कंपन्या अनेक ग्राहकांना मिळून एकच बाहेरचा पत्ता देतात. म्हणजे प्रत्येक वाड्याच्या दरवाज्याबाहेर सगळ्या पेठेची एक वेस उभी राहते, आणि त्या वेशीवर ग्राहकाचा अंमल चालत नाही. या दुहेरी रचनेला ‘कॅरियर ग्रेड नॅट’ म्हणतात आणि तिच्यासाठी १००.६४ पासून १००.१२७ पर्यंत सुरू होणाऱ्या पत्त्यांचा एक पट्टा २०१२ मध्ये राखून ठेवण्यात आला. राउटरच्या माहितीपानावर ‘वॅन आयपी’ या नावापुढे या पट्ट्यातला पत्ता दिसत असेल, किंवा तेथे दिसणारा पत्ता आणि ‘माझा आयपी कोणता’ हे सांगणाऱ्या संकेतस्थळावर दिसणारा पत्ता वेगवेगळे असतील, तर राउटरमध्ये कितीही खिडक्या उघडल्या तरी बाहेरचा माणूस वेशीवरच अडतो. त्यावर जास्तीचे पैसे भरून कंपनीकडून स्वतंत्र स्थिर पत्ता घेता येतो. तो घ्यावा का, याचे उत्तर घरगुती वापरापुरते ‘नाही’ असेच द्यावे लागेल, आणि त्याचे कारण पुढे येते.

सध्या सर्रास वापरली जाणारी पद्धत पीअर टू पीअर, बोलीभाषेत ‘पीटूपी’ किंवा ‘क्लाउड’, या नावाने ओळखली जाते. तिची युक्ती साधी आहे: बाहेरून आत येणे अवघड असले, तरी आतून बाहेर जाण्यास राउटरची किंवा कंपनीच्या वेशीची कसलीच हरकत नसते. म्हणून रेकॉर्डर स्वतःच उठून आपल्या उत्पादक कंपनीच्या मध्यवर्ती संगणकाशी, म्हणजे सर्व्हरशी, संपर्क साधतो, आपला अनुक्रमांक सांगतो आणि ती जोडणी जिवंत ठेवतो. परगावचा मोबाईलही त्याच सर्व्हरकडे जातो आणि त्या अनुक्रमांकाची चौकशी करतो. सर्व्हर दोघांना एकमेकांचे ठावठिकाणे कळवतो, दोन्ही बाजूंनी एकाच वेळी निरोप सुटतात, प्रत्येक राउटरला तो निरोप आपल्या माणसाच्या पत्राचे उत्तर वाटतो, आणि थेट संवाद सुरू होतो. हे जमले नाही, तर सगळे चित्र सर्व्हरमार्गे फिरवले जाते. तेव्हा ते थोडे उशिरा व अडखळत येते. रेकॉर्डरवरील चौकोनी कोडमध्ये हा अनुक्रमांकच असतो, आणि त्याच्या जोडीला पडताळणीचा वेगळा संकेत मागितला जातो. सोय मोठी आहे, फक्त तिची किंमत नीट समजून घ्यावी: घराचे चित्र दिसणे न दिसणे हे आता एका दूरच्या कंपनीच्या सेवेवर अवलंबून राहते. ती सेवा बंद पडली, तर पेटी धडधाकट असूनही मोबाईल आंधळा होतो, आणि त्या कंपनीच्या सर्व्हरची सुरक्षा ही घराचीही सुरक्षा ठरते.

तिसरी पद्धत व्हीपीएनची. व्हीपीएन म्हणजे सार्वजनिक इंटरनेटमधून काढलेले, दोन्ही टोकांना कुलूप असलेले भुयार. मोबाईलने ते भुयार उघडले की तो घरात बसल्यासारखा होतो आणि रेकॉर्डरला त्याच्या खासगी पत्त्यावरच हाक मारतो. रेकॉर्डर बाहेरच्या जगाला दिसतच नाही. वायरगार्ड किंवा ओपनव्हीपीएन यांची सोय आता बऱ्याच राउटरांत असते, आणि वेशीमागच्या जोडण्यांसाठीही मध्यस्थ सर्व्हरच्या मदतीने भुयार जोडून देणाऱ्या सेवा उपलब्ध आहेत. ज्याच्या घरात किंवा कार्यालयात ही मांडणी करून ती सांभाळू शकणारे कोणी आहे, त्याने हीच पद्धत निवडावी. ज्याच्याकडे तसे कोणी नाही, त्याने नामांकित उत्पादकाची पीटूपी सेवा दणकट पासवर्डसह वापरावी, आणि पोर्ट फॉरवर्डिंगच्या वाटेला जाऊ नये.

या शेवटच्या सल्ल्यामागे एक इतिहास आहे. २०१६ मध्ये ‘मिराय’ नावाची एक दुष्ट आज्ञावली इंटरनेटवर पसरली. ती उघड्या खिडक्या शोधत फिरे आणि कारखान्यातून येणाऱ्या, कोणी न बदललेल्या साठेक नाव-पासवर्डांच्या जोड्या एकेक करून लावून पाही. तिच्या तावडीत सापडलेल्या यंत्रांत रेकॉर्डर, कॅमेरे आणि राउटर यांचाच भरणा होता. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी अशा असंख्य यंत्रांकरवी ‘डाइन’ या अमेरिकी कंपनीच्या डीएनएस सेवेवर निरर्थक मागण्यांचा लोंढा सोडण्यात आला, आणि ट्विटर, नेटफ्लिक्स यांसारखी संकेतस्थळे अमेरिकेच्या मोठ्या भागात काही तास उघडेनाशी झाली. मिराय लिहिणाऱ्या तीन अमेरिकी तरुणांनी पुढच्या वर्षी गुन्हा कबूल केला. या प्रकरणातला सर्वांत बोधप्रद तपशील मात्र मागे पडला: काही यंत्रांत मालकाने वेबपानावरचा पासवर्ड बदलला, तरी दुरुस्तीसाठी ठेवलेल्या टेलनेट नावाच्या दुसऱ्या खिडकीचा पासवर्ड कारखान्यात कोरल्यासारखा तसाच राहत होता, आणि तो बदलण्याची सोयच मालकाला दिलेली नव्हती. म्हणजे दक्ष मालकही सुरक्षित नव्हता. सुरक्षित होता तो, ज्याच्या राउटरने बाहेरच्याला त्या खिडकीपर्यंत पोचूच दिले नाही. याच कारणाने राउटर व रेकॉर्डर या दोहोंतील ‘यूपीएनपी’ ही सोय बंद ठेवावी, कारण तिच्या जोरावर रेकॉर्डर मालकाला न विचारता राउटरकडून खिडक्या उघडून घेऊ शकतो.

हा धोका परदेशातला किंवा निव्वळ तांत्रिक समजण्याचे कारण नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये राजकोटच्या एका प्रसूती रुग्णालयातील स्त्रियांच्या तपासणीची कॅमेऱ्यातील दृश्ये समाजमाध्यमांवर विक्रीसाठी फिरत असल्याचे उघड झाले, आणि गुजरात पोलिसांनी अटक केलेल्यांत महाराष्ट्रातले तरुणही होते. त्या खोलीत कॅमेरा असावा का, हा प्रश्न पासवर्डच्या कितीतरी आधीचा आहे. ज्या जागेचे चित्र बाहेर गेल्यास भरून न येणारी हानी होईल, त्या जागेत कॅमेरा न बसवणे हीच सुरक्षा. केंद्र सरकारने सीसीटीव्ही कॅमेऱ्यांसाठी सुरक्षेच्या किमान अटी ठरवून, त्यांची तपासणी झालेलेच कॅमेरे बाजारात यावेत असा नियम केला आणि तो एप्रिल २०२५ पासून लागू झाला. नियमाचे स्वागत करावे. पण आधीपासून भिंतींवर टांगलेल्या यंत्रांचा भार मालकांवरच राहतो. उत्पादक वेळोवेळी पेटीच्या अंतर्गत आज्ञावलीची, म्हणजे फर्मवेअरची, सुधारित आवृत्ती देतात, आणि ती भरून घेणे हे डिस्क बदलण्याइतकेच नित्याचे काम समजले पाहिजे.

किल्ल्यांचा प्रश्न याहून जवळचा आहे आणि त्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते. जोडणी करणारा तंत्रज्ञ घाईत असतो, ग्राहकाला ॲपमध्ये खाते उघडण्याचा कंटाळा असतो, म्हणून तंत्रज्ञ स्वतःच्याच मोबाईलवर, स्वतःच्या खात्यात रेकॉर्डर नोंदवतो आणि ग्राहकाला तेथून पाहण्यापुरती वाटणी देतो. अनेक कंपन्यांच्या व्यवस्थेत एका रेकॉर्डरचा मालक एकच खाते असू शकते. म्हणून पुढे कधी तंत्रज्ञाशी संबंध तुटला आणि ग्राहकाने नव्याने कोड स्कॅन केला, की ‘हे यंत्र दुसऱ्या खात्याला जोडलेले आहे’ असा संदेश येतो, आणि ज्याच्या घराचे चित्र आहे तोच परका ठरतो. तंत्रज्ञाच्या मनात काही वाईट असते असे नव्हे. कुलूप बसवणाऱ्याने एक किल्ली स्वतःच्या खिशात ठेवण्यासारखा हा प्रकार आहे, आणि तो कुलपाच्या बाबतीत कोणी चालवून घेणार नाही. रेकॉर्डरची नोंदणी मालकाच्या खात्यावर, मालकाच्या मोबाईल क्रमांकावर व्हावी आणि मुख्य ‘ॲडमिन’ पासवर्ड मालकानेच टाइप करावा. घरच्या इतरांना व सोसायटीच्या पदाधिकाऱ्यांना तेथून मर्यादित वाटणी द्यावी, जेणेकरून समिती बदलली की ती काढून घेता येईल. सोसायटीत तर पासवर्डचा कागद बंद पाकिटात दप्तरी ठेवण्याचा ठराव करण्यास काहीच हरकत नाही.

साठलेल्या चित्रणाचे कायद्यातील स्थान पाहिले, की पेटीतल्या एका क्षुल्लक वाटणाऱ्या सेटिंगचे महत्त्व कळते. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालन्यातील उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या मुदतीनंतर स्वीकारला गेला, असा आक्षेप उच्च न्यायालयात गेला होता, आणि त्यात निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयातील व्हिडिओ चित्रण पुढे करण्यात आले. अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास कुशनराव गोरंट्याल या नावाने तो वाद सर्वोच्च न्यायालयात पोचला आणि १४ जुलै २०२० च्या निकालाने, मूळ यंत्र न्यायालयात हजर केले नसेल तर इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत विहित प्रमाणपत्र हवेच, हे तत्त्व पक्के केले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ मध्येही प्रमाणपत्राची अट कायम आहे आणि त्यात चित्रणाच्या फाइलचे ‘हॅश’ मूल्य, म्हणजे फाइलमध्ये एक बिंदू बदलला तरी बदलणारा आकडी ठसा, नोंदवावा लागतो. जो वाद मिनिटांवर उभा असतो, त्यात कॅमेऱ्याचे घड्याळ चुकीचे असून चालत नाही. रेकॉर्डरच्या आतली बटणाएवढी बॅटरी संपली की वीज गेल्यावर त्याची तारीख भलत्याच वर्षात जाते. म्हणून कालविभाग भारतीय वेळेवर, जागतिक प्रमाणवेळेच्या साडेपाच तास पुढे, ठेवून इंटरनेटवरून वेळ आपोआप जुळवून घेणारी ‘एनटीपी’ ही सोय चालू करावी. नेटवर्कला जोडलेल्या रेकॉर्डरचा हा एक न बोलला जाणारा फायदा आहे.

व्यक्तीने घरगुती कारणासाठी केलेले चित्रण २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवलेले आहे, परंतु ही सवलत व्यक्तीला आहे. सोसायटी, दुकान किंवा शाळा यांनी ती आपली समजू नये. कोणाचेही खासगी अंग संमतीविना टिपणे किंवा प्रसारित करणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-ई खाली तीन वर्षांपर्यंतच्या कैदेस पात्र गुन्हा आहे, आणि तो घरमालकालाही लागू होतो. शेजाऱ्याच्या खिडकीत डोकावणारा कॅमेरा असेल, तर रेकॉर्डरच्या ‘प्रायव्हसी मास्क’ या सोयीने चित्राचा तेवढा तुकडा कायमचा काळा करता येतो.

राहता राहिली वीज. घरात इन्व्हर्टर असतो, त्यावर रेकॉर्डर आणि कॅमेरे जोडलेले असतात, आणि तरीही वीज गेली की मोबाईलवरचे चित्र जाते, याचे कारण बहुधा एवढेच असते की राउटर आणि त्याला फायबर पुरवणारी छोटी पेटी मुख्य विजेच्या साध्या बोर्डावर राहिलेली असते. चित्रण चालू राहते, वाट तेवढी बंद पडते. बारा व्होल्टच्या राउटरसाठी मिळणारा लहानसा यूपीएस हा दोष दूर करतो.

ज्या वाचकांच्या घरी, दुकानात किंवा सोसायटीत असा रेकॉर्डर आधीच चालू आहे, त्यांनी त्याच्या ॲपमध्ये ‘डिव्हाइस शेअरिंग’ची यादी एकदा उघडावी आणि आपले कॅमेरे आणखी कोणाकोणाच्या मोबाईलवर दिसतात ती नावे वाचावीत. यादी दिसतच नसेल, तर यंत्र दुसऱ्याच कोणाच्या खात्यावर असण्याचा संभव मोठा आहे. ज्याने ते बसवले त्याला बोलावून मालकी आपल्या खात्यावर करून घ्यावी, आणि तो समोर असतानाच ॲडमिनचा पासवर्ड स्वतःच्या हाताने बदलावा.